पारदर्शक पिशवी

"यापुढे घरचा कचरा पारदर्शक पिशवीतूनच घ्यायचा, असा प्रस्ताव आहे," नगरपालिकेचा माणूस इमारतीच्या बैठकीत म्हणाला. "कुणाची हरकत?"

हात फक्त तिचाच वर गेला.

"वहिनी, एवढं काय दडवताय कचऱ्यात?" शेजारच्यांनी विचारलं आणि सगळे खो खो हसले. ती ओशाळून खाली बसली. सांगणार तरी काय? ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, त्या सासऱ्यांचे डायपर ती रोज जुन्या पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीच्या तळाशी घालायची. आजवर कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता.

निदान अप्पांच्या कानावर तरी यातलं काही जायला नको, असं ठरवूनच ती घरात शिरली. त्यांच्या उशाशी सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा ग्लास तसाच होता. जाताना दिलेल्या चहावर साय धरली होती.

"अप्पा, घोटभरसुद्धा घेतलं नाहीत? बरं नाही का वाटत?"

अप्पांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"पिशव्यांचं पेपरात वाचलं मी, सूनबाई. आतापासूनच सवय केलेली बरी."