एक घर बाकी

चार वाजून दहा मिनिटांनी गार्गीने दोन फॉर्म स्क्रीनवर शेजारी शेजारी आणले. सह्या एकसारख्या होत्या. शेवटच्या अक्षरापाशी पेन अडखळलं होतं, तेही दोन्हीकडे एकाच जागी. एक फॉर्म मागच्या वर्षीचा होता, दुसरा गेल्या आठवड्यातला.

"संकेत, वुडलँड्सच्या या घरी तू गेला होतास ना?"

संकेत तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याने सह्या पाहिल्या आणि मान खाली घातली.

"तीनदा गेलो, गार्गीताई. दार कोणी उघडलंच नाही. शेवटी तारीख बदलून जुनाच फॉर्म लावला."

भाड्याच्या सरकारी फ्लॅटमध्ये कोण राहतं, किती जण राहतात, याची घरोघर जाऊन माहिती घ्यायची आणि ती गृहनिर्माण संस्थेला कळवायची, हे त्यांच्या छोट्या कंपनीचं काम. प्रत्येक घराला वर्षातून एक भेट, दर तीन महिन्यांनी एक अहवाल. आजवर अकरा गेले होते. अकराही वेळेत, अकराही शंभर टक्के पूर्ण. गार्गीला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. बारावा आज पाचच्या आत जायचा होता. पुढच्या महिन्यात कंत्राट पुन्हा मिळणार की नाही ते ठरणार होतं. कंत्राट गेलं तर संकेतचा वर्क पासही, म्हणजे या देशात राहून काम करायचा परवानाही, जाणार होता.

कंपनी अनिमेषची. त्याने उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं.

"सहा हजार तीनशे चाळीस घरांतलं एक घर," तो म्हणाला. "आत्ता पाठवून दे. उद्या जाऊन खरी सही आणा, कागद बदलून टाकू."

"अहवालाखाली सही माझी असते, अनिमेष."

"आणि तीनशे चाळीसच्या जागी तीनशे एकोणचाळीस दिसले, तर पुढच्या महिन्यात मी काय सांगू?"

गार्गीने तो फॉर्म काढून टाकला. रिकाम्या रकान्यात लिहिलं, 'भेट झालेली नाही, माहिती तपासलेली नाही.' खाली स्वतःचं नाव घातलं. चार एक्कावन्नला अहवाल गेला. अनिमेष आपल्या केबिनमध्ये निघून गेला.

"तुम्ही माझं नाव नाही लिहिलंत," संकेत म्हणाला.

"या कामाची जबाबदारी माझी आहे. उद्या नऊ वाजता वुडलँड्स स्टेशनवर ये."

शनिवारी सकाळी दोघं सातव्या मजल्यावरच्या त्या दाराशी उभे राहिले. लोखंडी जाळीला आतून कुलूप होतं. संकेतने दार वाजवलं, मग पुन्हा जोरात वाजवलं. गार्गी दोन पावलं सरकून खिडकीशी गेली. आत एक म्हातारी चिनी बाई पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. दार वाजत होतं, तिचे हात त्याच लयीत चालले होते.

"तिला ऐकू येत नाही, संकेत."

गार्गीने खिडकीतून हात आत घालून फॉर्म हलवला. काही वेळाने घडी बाजूला ठेवायला वळताना बाईची नजर त्यावर पडली. ती हळूहळू उठली आणि तिने जाळी उघडली.

गार्गीने कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून दाखवलं, की आम्ही घरी कोण राहतं ते विचारायला आलोय. बाईने चष्मा लावून गार्गीने पुढे केलेला मागच्या वर्षीचा फॉर्म वाचला. राहणारी माणसं दोन, मिस्टर आणि मिसेस ओंग. तिने सहीवर बोट ठेवलं.

"माझा नवरा," ती मोठ्याने म्हणाली. "दोन वर्षं झाली त्याला जाऊन."

संकेतने गार्गीकडे पाहिलं. मागच्या वर्षी हा भाग त्याच्याकडे नव्हता. म्हणजे त्याच्या आधीही कोणीतरी हेच केलं होतं, आणि तो अहवाल गार्गीच्या अकरांपैकी एक होता. एकट्या राहणाऱ्या वयस्कर भाडेकरूंची चौकशी करायला संस्थेची माणसं दर आठवड्याला येत. या बाईकडे कोणी येत नव्हतं, कारण कागदावर तिचा नवरा जिवंत होता.

बाईने नवा फॉर्म स्वतः भरला. राहणारी माणसं, एक. सही करून तिने पेन दोन्ही हातांनी परत दिलं.

सोमवारी संस्थेच्या अधिकाऱ्याचा, मिस्टर रहमान यांचा फोन आला. गार्गीने मन घट्ट करून तो घेतला.

"रिकामा रकाना दाखवणारा अहवाल आम्ही पहिल्यांदाच पाहिला," ते म्हणाले. "असं सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास आहे. तुमची फेरतपासणी या वेळी आम्ही करत नाही."

आभार मानून फोन ठेवता आला असता.

"ती करायला हवी, सर," ती म्हणाली. "आधीच्या अकराही अहवालांची. आम्ही आजपासून सुरू करतोय. जे सापडेल ते जसंच्या तसं तुम्हाला कळवू."

केबिनच्या दारात उभ्या असलेल्या अनिमेषने हे ऐकलं. तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. दुपारी बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात टॅम्पिनीस भागातल्या घरांची यादी होती. "हा भाग मी घेतो," एवढंच तो म्हणाला.

तीन आठवडे कंपनीतले सगळे घरोघर हिंडले. संकेत प्रत्येक दाराशी थांबून आधी खिडकीतून पाही. मिसेस ओंगच्या दाराला प्रकाशाने उघडझाप करणारी घंटा बसली आणि दर मंगळवारी तिच्याकडे संस्थेची माणसं यायला लागली.

मग कंत्राटाच्या बैठकीचा दिवस आला. लांब टेबलाभोवती चार कंपन्या बसल्या होत्या. पहिल्या तिघांनी आपापला शंभर टक्क्यांचा आकडा सांगितला. चौथी पाळी अनिमेषची होती.

अनिमेष उठून उभा राहिला. "आमच्या अहवालांत सत्तावीस चुका निघाल्या," तो ताठ मानेने म्हणाला, "आणि सत्तावीसही आमच्याच माणसांनी शोधल्या."