चादरीवरचा चहा

सकाळी सासूबाईंच्या थरथरत्या हातातून चादरीवर चहा सांडला, तेव्हा सून खेकसली होती, "आता दुसरा कप मिळायचा नाही!" म्हातारी ओशाळून पदराने चादर पुसू लागली. दुपारी ती गेलीच.

सुनेने सकाळचं ते बोलणं कुणालाच सांगितलं नाही. महिनाभर ती तो डाग घासत होती, आणि घासताना तिला ते ओशाळलेले डोळे दिसत. लिंबू झालं, सोडा झाला, व्हिनेगरमध्ये भिजवून झालं, पण डाग हटेना. शेवटी तिने वाळलेली चादर घडी करून कपाटाच्या तळाशी दडपली.

रविवारी नवरा कपाटात पांघरूण शोधत होता. चादरीच्या घडीत गेलेला हात त्याने झटकन मागे घेतला. बोटं ओली होती.

"अगं, भाजलं ना! आत्ता इथे चहा कुणी सांडला?"