घरचं माणूस

मुलगी आत आली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. जेवणाची गर्दी ओसरली होती. ओसाकात, शिन्सेकाईच्या बोळातल्या त्या नऊ खुर्च्यांच्या, काडीला टोचून तळलेले तुकडे विकणाऱ्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. हिराओ कढईतला जळका चुरा गाळत होता.

"एकटीच आहे. बसू का?" तिनं विचारलं.

हिराओचा झारा थांबला. वाक्याचा शेवट असा खाली ओढत फक्त ओकी बेटांवरची माणसं बोलतात. अठरा वर्षांत तो सूर त्याच्या कानावर पडला नव्हता. स्वतःच्या तोंडूनही त्यानं तो येऊ दिला नव्हता.

"बस की," मालकीण किनोए म्हणाली. सत्तरी उलटली तरी तिचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत जायचा. "सॉस सगळ्यांचा एकच, त्यात काडी एकदाच बुडवायची. उष्टी परत बुडवलीस तर हाकलून देईन, आधीच सांगते."

"दोनच काड्या द्या, मावशी. एक कांद्याची, एक कोळंबीची. सकाळपासूनचं सहावं दुकान आहे."

"सहावं? ओसाका बघायला आलीयेस की खाऊन संपवायला?"

मुलगी हसली. हसताना तिची डावी भुवई वर गेली आणि मधोमध तुटलेली दिसली. चार वर्षांची असताना ती होडीच्या फळीवर पडली होती, लोखंडी आकड्यावर. तिला उचलून तो डॉक्टरकडे धावत गेला होता. सदरा रक्तानं भिजला होता.

नागिसा. त्याची मुलगी.

हनुवटीखाली उतरवलेला मास्क त्यानं नाकापर्यंत ओढला.

बेटावर त्याचं नाव तोकुजी होतं. अठरा वर्षांपूर्वी त्या दिवशी होडीच्या सुकाणूवर तोच होता. बायकोचा, तोमिएचा, धाकटा भाऊ म्हणत होता की वारा फिरतोय, परत जाऊ. यानं ऐकलं नाही. मेहुणा लाटेबरोबर गेला आणि दोन दिवसांनी सापडला. अंत्यविधीच्या सकाळी तोमिए त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. उदबत्त्या आणतो, असं सांगून तो घराबाहेर पडला आणि धक्क्यावर जाऊन बोटीत चढला.

तेव्हापासून तो एकाच गोष्टीच्या आधारावर जगत आला होता. पोरीजवळ तिची आई आहे. दर एप्रिलला, शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की, तो मनात मोजायचा, आता तिसरी, आता सातवी. तोमिए पोरीचा डबा भरतेय, केस विंचरतेय, हे त्याला लख्ख दिसायचं.

त्यानं काड्या तेलात सोडल्या. तोमिएनंच पाठवलं असणार हिला. काय सांगून पाठवलं असेल?

"मास्क कशाला रे घातलास? शिंका येतायत का?" किनोएनं विचारलं.

त्यानं मान हलवली.

"हा आमचा हिराओ," ती मुलीला म्हणाली. "तळतो छान, बोलायचं मात्र त्याच्या जिवावर येतं."

"काका कुठले?" मुलीनं विचारलं.

"इथलाच," तो पुटपुटला.

"कुठला इथला! अठरा वर्षं झाली, अजून धड ओसाकाचं बोलता येत नाही त्याला."

मुलगी मान वर करून त्याच्याकडे बघू लागली. बघतच राहिली. हिराओनं पाठ फिरवली.

"राहणार आहेस का इथे?" किनोएनं चहा ओतला.

"रविवारपर्यंत. आजीला तसं सांगून आलेय." तिनं चहाचा कप बाजूला सरकवला. "खरं तर खायला आले नाही, मावशी. काही न घेता नुसतं विचारणं बरं दिसत नाही म्हणून खातेय. मी एकाला शोधतेय. घरचं माणूस आहे. अठरा वर्षांपूर्वी निघून गेलं. अशाच एखाद्या खाणावळीत सापडेल, असं वाटतं."

"फोटो आहे?"

"आहे."

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. हिराओनं गॅस बंद केला.

"कोबी आणतो," तो म्हणाला.

"टोपलीभर पडलाय की!"

तो मागच्या दारापाशी पोचला होता. बाहेर बोळ, बोळापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे स्टेशन. कडी काढायला हात वर गेला. त्या सकाळीही तो असाच दाराशी उभा होता, आणि पोरगी मागे पायरीवर बसून चप्पल घालत होती. बाबा, मी येऊ? तिनं विचारलं होतं. त्यानं वळून पाहिलं नव्हतं.

"हिराओ, इकडे ये," किनोएनं हाक मारली. "माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही. तुझ्या लक्षात चेहरे राहतात. बघ जरा."

तो उभा राहिला. मग हात खाली आला.

होईल ते होवो. थोबाडीत मारेल, थुंकेल, पोलिसांना बोलावेल. आईला फोन लावून देईल आणि त्याला तोमिएचा आवाज ऐकावा लागेल. ऐकू या.

त्यानं मास्क काढून एप्रनच्या खिशात घातला. हात पुसले. पुढे येऊन तो मुलीच्या समोर, उजेडात उभा राहिला. स्वतःचं खरं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं.

मुलीनं फोटो दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

धक्क्यावर, वाऱ्यात केस सावरत, तोमिए उभी होती.

"माझी आई," नागिसा म्हणाली. "बाबा घर सोडून गेले त्याच हिवाळ्यात, त्यांना शोधून आणते म्हणून इकडे आली होती. मी सहा वर्षांची होते. ती परत आलीच नाही. तुम्ही पाहिलंय का तिला, काका?"