चालायला निमित्त

औशाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, "मावशी, साखर वाढलीय. रोज सकाळी अर्धा तास चाला." पण गावात बाई रिकाम्या हातानं चालत निघाली, की पारावरची माणसं हसतात. म्हणून सिंधुबाईनं नवऱ्याचा भाकरीचा डबा रिकामाच फडक्यात बांधला आणि शेताची वाट धरली. गेल्या दिवाळीत तो वारला, तेव्हापासून शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेलं. तिथं तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. आठ दिवस कुणी विचारलं नाही. नवव्या दिवशी ओढ्याजवळ धुरपता भेटली. सुतकाचे तेरा दिवस हीच तिच्या उशाशी बसली होती. "कुणाला डबा न्यायलीस गं सिंधू?" सिंधुबाईला डॉक्टरचं नाव सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "ह्यांना." ती मातीकडं बघत उभी राहिली. धुरपता हसली नाही. वाट सोडून बाजूला सरकली. "मग थांबू नको बाई. भाकर गार व्हायली."