सोडलेलं पाणी

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रमुखाने तपासणीला आलेल्या स्वतःच्याच मुलीसमोर भरलेली बाटली आदळली. "घे नमुना आणि चालती हो!" पाण्यातलं फॉस्फेट काढणारं यंत्र महिनाभर बंद होतं आणि फॉस्फेटवर माजलेल्या शेवाळामुळे खालच्या तळ्यातले मासे गुदमरून मेले होते. तिने बूच उघडून हुंगलं. "बाबा, हे तर नळाचं पाणी. क्लोरीनचा वास येतोय." तिने ते बेसिनमध्ये ओतलं आणि बाहेर जाऊन तळ्यात पाणी सोडणाऱ्या पाइपाखाली स्वतःची बाटली भरली. वडील मागोमाग आले. "निवृत्तीला चारच महिने राहिलेत माझ्या. बापाचं तोंड काळं करतेस?" "तळं तेवढं थांबणार नाही, बाबा." "मला बाबा म्हणू नकोस. घराची पायरी चढलीस तर याद राख!" तिने बाटली सीलबंद करून पेन पुढे केलं. "इथे सही करा, साहेब."