लाल बटणं

"ठमीच्या सगळ्या टेप पुसून टाका, कुमुदताई. उद्याच्या मॅचला कोऱ्या टेप नाहीत," तरुण साहेबांनी फर्मावलं. रुजू झाले तेव्हा हेच साहेब म्हणाले होते, "ठमी बघतच मोठा झालो!"

ठमी ही कुमुदताईंची बाहुली. टीव्हीवरून पोरांना शहाणं करण्यात दोघींची हयात गेली होती.

कुमुदताई तडक टेपांच्या खोलीत गेल्या. प्रत्येक टेपच्या पाठीवरचं लाल बटण त्यांनी उपटलं. ते नसलं, की मशीन त्या टेपवर दुसरं काही रेकॉर्डच करत नाही.

संध्याकाळी साहेब भजी खाताखाताच तणतणत आले. "बटणं कुठायत?"

कुमुदताईंनी ठमीला हातावर चढवलं. तिच्या झग्यावर सगळी बटणं घट्ट शिवलेली होती.

"घ्या की काढून!" ठमी कडाडली. "पण आधी ते तेलकट हात धुऊन या. शिकवलं होतं ना?"

साहेबांनी नकळत हात पाठीमागे लपवले.