पगारी आजी

“परकी बाई ठेवली की सरकार खूश. सख्खी आई ठेवली की सरकारच्या पोटात दुखतं,” देओलिंदा पुटपुटली. पुटपुटली, हे आपलं तिच्या मते. खाली बेकरीत पाव घेणाऱ्यांनाही ते ऐकू गेलं असणार.

“आई, हळू,” तिची मुलगी ओदेत म्हणाली. ओदेतच्या मांडीवर छोटी बीया बसली होती आणि आईच्या कानातलं ओढत होती.

टेबलापलीकडे आर्मांदो चष्मा पुसत होता. अमेरिकेतल्या या फॉल रिव्हर गावातल्या निम्म्या पोर्तुगीज घरांचे कराचे कागद तोच भरून द्यायचा. ओदेतच्या बाप्तिस्म्यालाही धर्मपिता म्हणून तोच उभा राहिला होता, म्हणून ती त्याला काका म्हणे.

“पुन्हा सांगतो,” तो म्हणाला. “मूल सांभाळायला बाहेरची बाई ठेवलीस, तर तिच्या पगारावर कर. निम्मा तिच्या पगारातून कापायचा, निम्मा तू पदरचा घालायचा. वर अपघाताचा विमा. लोक इथे बसून रडतात. पण मुलीने आईला दिलेला पगार सरकार पगार धरतच नाही. कर नाही, काही नाही. तुझा फायदाच आहे, पोरी.”

“मला फायदा नकोय, काका! मला कर भरायचाय. या खुर्चीवर बसून असं कधी कुणी म्हणालंय का तुम्हाला?”

“नाही,” आर्मांदोने प्रामाणिकपणे सांगितलं.

देओलिंदाने अर्धं आयुष्य खाडीकाठच्या बड्या घरांतली मुलं वाढवली होती. पगार पाकिटातून मिळे. मालकिणी म्हणायच्या, कर कशाला, तेवढेच तुझ्या हातात पडतील. तेव्हा तिलाही ते गोड लागलं. आता गुडघे गेले आणि कळलं, की सरकारदरबारी तिने जवळजवळ कामच केलेलं नाही. त्याआधी गिरणीत काढलेली वर्षं तेवढी धरली होती. पेन्शनला आणि म्हातारपणच्या सरकारी औषधपाण्याला कर भरलेलीच वर्षं मोजतात, आणि ती थोडी कमी पडत होती. भर घालायची तर कुणीतरी रीतसर नोकरी द्यायला हवी. या गुडघ्यांना नोकरी कोण देणार? नातीला मात्र ती सांभाळतच होती. म्हणून ओदेतने ठरवलं, आपणच मालकीण व्हायचं. इस्पितळात जादा पाळ्या धरून तिने कराचे पैसे बाजूला टाकले. आणि आता ते घ्यायलाच कुणी तयार नव्हतं.

“जन्मभर कर दिला नाही म्हणून बोंब,” देओलिंदा म्हणाली, “आणि द्यायला आले तर दार बंद. त्यांना म्हणावं, ही पोर एक दिवस सांभाळून दाखवा. मग सांगा, हे काम आहे की नाही.”

“काही तरी अपवाद असेल ना, काका?”

“आहे तसा. मूल लहान हवं, तुझ्याच घरात राहणारं हवं. ते आहेच. आणि मग...” आर्मांदोने पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. “मग नवऱ्याचं बघतात. नवरा वारलेला असला तर चालतं. घरात अंथरुणाला खिळलेला असला तरी चालतं. किंवा...”

तो थांबला. देओलिंदा लगेच सरसावली.

“नूनो अलास्कात आहे,” ती घाईने म्हणाली. “धडधाकट आहे. देवाची कृपा.”

“हो हो. अलास्का.” आर्मांदोने टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले. “लांब पडतं.”

ओदेतचा नवरा नूनो खेकडे धरणाऱ्या बोटीवर गेला, त्याला दोन नाताळ उलटले होते. चर्चच्या पायऱ्यांवर कुणी विचारलं की देओलिंदा सांगायची, यंदा हंगाम लांबलाय. बायका मान डोलवायच्या. एवढा लांबलेला हंगाम खेकड्यांनीही पाहिला नसेल. घरी ओदेत म्हणायची, त्याचा फोन येऊन गेला, तू झोपली होतीस. देओलिंदा विचारायची, बरा आहे ना? बरा आहे. मग दोघी सूप प्यायच्या.

“तिसरं काय, काका?” ओदेतने विचारलं.

“तिसरं आपल्या कामाचं नाही, पोरी.”

“नाहीच मुळी कामाचं!” देओलिंदा टेबलाला धरून उठली. “चल, ऊठ. नको मला पेन्शन. पेन्शनवाचून कुणी मरत नाही. माझी आई काय पेन्शनवर जगली? चल म्हणते ना!” बोलता बोलता ती दारापर्यंत पोचलीही. इतक्या चटकन ती वर्षभरात कुठेच पोचली नव्हती.

ओदेत जागची हलली नाही. तिने बीयाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

“बस खाली, आई,” ती म्हणाली. “काका, लिहा. घटस्फोट झालाय माझा, ईस्टरच्या आधीच. आणि ते तुम्हा दोघांनाही माहीत आहे.”